मुलगी अठराची झाली, पण आधारचा ओटीपी अजून बाबांच्या फोनवर: घरातल्या घरात ओळखपत्रांची गोपनीयता कशी असते?

आधार क्रमांक द्यायला सुरुवात झाली ती महाराष्ट्रातूनच. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. पुढच्या काही वर्षांत गावोगावी नोंदणी झाली आणि आईवडिलांनी बोटाला धरलेल्या लेकरांचीही आधार काढून घेतली. अर्जात मोबाईल नंबराचा रकाना होता. तिथे बहुतेक ठिकाणी वडिलांचा नंबर गेला, कारण घरात मोबाईलच एक होता.

ती लेकरं आता अठरा-वीस वर्षांची आहेत. आधारबरोबर वाढलेली ही पहिली पिढी. बुलढाणा जिल्ह्यातून, मग ते घाटावरचं चिखली-मेहकर असो की घाटाखालचं मलकापूर-नांदुरा, दरवर्षी मुलंमुली शिकायला आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीला अमरावती, छत्रपती संभाजीनगर, पुण्याला जातात. खोली पुण्यात असते आणि आधारचा ओटीपी मात्र गावात येतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, बँकेत केवायसी करायची, डिजिलॉकर उघडायचं, तर आधी घरी फोन लावावा लागतो: "बाबा, मेसेज आला का? सहा आकडे सांगा लवकर." बाबा सोयाबीनच्या शेतात, रेंज नाही, तोवर ओटीपीची मुदत संपते.

ही झाली गैरसोय. पण प्रश्न तेवढाच नाही. ज्याच्या फोनवर ओटीपी येतो, त्याच्या हातात त्या माणसाच्या ओळखीची किल्ली असते. आधार क्रमांक आणि ओटीपी असेल तर प्राधिकरणाच्या 'मायआधार' पोर्टलवर लॉगिन करता येतं. तिथे सध्याचा पत्ता दिसतो. सरकारी पैसे कोणत्या बँकेतल्या खात्यावर जमा होतात ते दिसतं. गेल्या सहा महिन्यांत हे आधार कधी आणि कोणत्या संस्थेने तपासलं, याचीही नोंद दिसते. म्हणजे सज्ञान मुलगी कुठे राहते, तिचं खातं कोणत्या बँकेत आहे, आधार दाखवून तिने कुठे काय काम केलं, हे घरबसल्या कळू शकतं. तिला न विचारता.

अठराव्या वर्षी नेमकं काय बदलतं?

भारतीय सज्ञानता कायदा १८७५ चा आहे. त्यानुसार अठरा वर्षं पूर्ण झाली की माणूस सज्ञान. त्या दिवसापासून आईवडील त्याचे 'पालक' या कायदेशीर अर्थाने राहत नाहीत, आणि त्याच्या वतीने सही करायचा किंवा संमती द्यायचा त्यांचा अधिकार संपतो.

आधार कायद्यात याबद्दल एक तरतूद आहे, जी फारशी कुणाला माहीत नसते. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात कलम ३क आलं. लहान मुलाची नोंदणी करताना आईवडिलांची किंवा पालकांची संमती घ्यायची, आणि त्या मुलाला अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत स्वतःचं आधार रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. प्रत्यक्षात असं कोण करणार? आधारशिवाय कॉलेजचा प्रवेशही अडतो. पण तरतुदीमागचा विचार महत्त्वाचा आहे: तुमच्या वतीने आईवडिलांनी घेतलेला निर्णय अठराव्या वर्षी तुमच्यापुढे पुन्हा ठेवला जातो.

बँकांनाही असंच करावं लागतं. अल्पवयीन मुलांच्या खात्यांबाबत रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये नव्याने सूचना काढल्या. खातेदार सज्ञान झाला की बँकेने खातं चालवण्याच्या नव्या सूचना आणि सहीचा नवा नमुना त्याच्याकडून घ्यायचा असतो.

मोबाईल नंबराला मात्र असा कोणताही वाढदिवस नाही. तो आपोआप बदलत नाही, आणि बदला म्हणून कुणी आठवणही करत नाही. एकाच मोबाईल नंबरावर किती आधार जोडता येतील यालाही मर्यादा नाही. त्यामुळे आई, दोन मुली, एक मुलगा आणि आजी अशा पाच जणांचे ओटीपी एकाच खिशातल्या फोनवर येत राहतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के महिलांकडेच स्वतः वापरायचा मोबाईल होता. तो खिसा कुणाचा असतो, हे त्या आकड्यावरून समजतं.

कुलूप चोरासाठी, किल्ली खुंटीला

आपली डिजिटल कुलपं एक गोष्ट गृहीत धरून बनवली आहेत: चोर बाहेरचा असेल. आधारची पीडीएफ उतरवून घेतली की ती उघडायला पासवर्ड लागतो, आणि तो असतो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. ई-पॅनची फाईल उघडते जन्मतारखेवर. राज्य मंडळाचा दहावी-बारावीचा निकाल बघायचा तर आसन क्रमांकाबरोबर आईचं नाव टाकायचं. ग्राहक सेवेला फोन केला की बँक अनेकदा विचारते आईचं नाव, नाहीतर जन्मतारीख.

अनोळखी माणसाला यातलं काही माहीत नसतं. घरात मात्र हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. घरातच कशाला, भावकीतही. निकालाच्या दिवशी आसन क्रमांक हाती आला, तर मुलीच्या आधी तिचे गुण काकाला कळू शकतात. गावात आईचं नाव हे काही गुपित नसतं.

त्यात भर व्हॉट्सअॅपच्या कुटुंबगटाची. गुणपत्रिका, प्रवेशपत्र, नोकरीचं नियुक्तीपत्र, नवं पॅनकार्ड, सगळ्यांचे फोटो कौतुकाने गटावर पडतात आणि 'अभिनंदन बेटा' च्या पन्नास मेसेजखाली कायमचे राहतात. त्या फोटोत जन्मतारीख असते, सही असते, क्रमांक असतो. टाकणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्या गटातल्या साठ-सत्तर फोनांपैकी एखादा उद्या दुरुस्तीला जाईल, एखादा हरवेल, याचा विचार फोटो टाकताना कुणी करत नाही.

मग घरच्यांकडे कागद असूच नयेत का?

असं म्हणणं सोपं आहे, पण महाराष्ट्रातल्या गावात ते टिकत नाही. कारण इथले कागदच एकमेकांत गुंतलेले आहेत. जात वैधता प्रमाणपत्र घ्या. ते मुलाच्या नावाने मिळतं, पण त्यासाठी वडील, आजोबा, काका, आत्या यांचे शाळेचे दाखले, वंशावळ आणि शपथपत्र लागतं. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला आधी वैधता मिळाली असेल तर तिचा आधार घेता येतो. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, त्यानंतर कित्येक घरांत जुने दाखले आणि वंशावळी भावकीत फिरल्या. तिथे 'माझा कागद माझ्याजवळ' म्हणून भागत नाही. रेशनकार्ड सगळ्या कुटुंबाचं एक. उत्पन्नाचा दाखला वडिलांच्या नावावर, आणि त्यावर शिष्यवृत्ती मुलीची.

सरकारही कुटुंब हाच एकक धरतं. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आली, २१ ते ६५ वयाच्या पात्र महिलांना महिन्याला १५०० रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यासाठी ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा महिलेच्या आधारबरोबर तिच्या पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या फोनवर आलेला ओटीपीही मागितला गेला. अर्जदार सज्ञान, पैसे तिच्या खात्यात, पण पडताळणी बापाच्या किंवा नवऱ्याच्या मोबाईलवरून. ज्यांचे पती आणि वडील दोघेही हयात नव्हते त्या अडकल्या. त्यांच्यासाठी नंतर वेगळी सोय करावी लागली आणि मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२५ केली गेली. घरात बोलणं बंद असलेल्या बाईने तो ओटीपी कसा मागायचा, याचं उत्तर त्या अर्जाच्या पानावर नव्हतं.

म्हणून खरा मुद्दा कागद कुणाच्या कपाटात आहे हा नाही. तो वापरताना ज्याचा कागद आहे त्याला विचारलं जातं का, हा आहे.

न विचारता वापरलं तर?

समजा, घरातल्या कुणी मुलाच्या आधारवर सिमकार्ड घेतलं. किंवा त्याच्या पॅनवर मोबाईल ॲपमधून कर्ज उचललं, आणि आलेला ओटीपी टाकून मोकळे झाले. घरात याला 'नावावर घेतलं' एवढंच म्हणतात. हप्ते वेळेवर गेले तर कुणाला कळतही नाही. हप्ता थकला की मात्र त्याची नोंद मुलाच्या पतइतिहासात होते, आणि चार वर्षांनी तो स्वतःसाठी कर्ज मागायला गेला की बँकेचा माणूस पडद्यावरचा सिबिलचा आकडा दाखवतो.

कायद्यात नात्याची सूट नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ग दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा त्याची वेगळी ओळख पटवणारी कोणतीही खूण अप्रामाणिकपणे वापरण्याबद्दल आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात फसवणूक किंवा तोतयेगिरी करून सिम घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. बाप, भाऊ किंवा नवरा असेल तर हे लागू नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही. पण बापाविरुद्ध पोलीस ठाण्यात कोण जाणार? बहुतेक घरांत हा हिशेब तक्रारीपर्यंत पोचतच नाही. म्हणून याबाबतीत नंतरच्या शिक्षेपेक्षा आधी लक्ष ठेवणं जास्त कामाचं.

कायदा उंबऱ्याच्या आत येतो का?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टास्वामी यांच्या प्रकरणात, खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला. हा अधिकार व्यक्तीचा आहे. कुटुंबाने एकत्र मिळून वापरायचा नाही.

पण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घराच्या दारात थांबतो. एखाद्या व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला तो लागूच होत नाही, असं त्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे वडिलांनी मुलीची गुणपत्रिका कुटुंबगटावर टाकली तर या कायद्याखाली दाद मागता येणार नाही. अशी सूट ठेवणं समजण्यासारखं आहे, नाहीतर प्रत्येक लग्नाच्या अल्बमवर खटला उभा राहिला असता. कॉलेज, क्लास, वसतिगृह, बँक यांना मात्र ही सूट नाही. अठराच्या आतल्या मुलाची माहिती हाताळायला आईवडिलांची संमती लागते; अठरानंतर संमती विद्यार्थ्याची स्वतःची. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून, लागू होणार आहेत.

आधारबद्दल न्यायालयासमोर आलेलं जवळचं प्रकरण नवरा-बायकोचं आहे. कर्नाटकातल्या हुबळीच्या एका महिलेला कुटुंब न्यायालयाने पोटगी मंजूर केली, पण नवऱ्याचा पत्ताच लागत नव्हता. तिने आधार प्राधिकरणाकडे त्याचा पत्ता मागितला. नोव्हेंबर २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सांगितलं की लग्नाच्या नात्याने जोडीदाराचा माहितीच्या गोपनीयतेचा अधिकार संपत नाही. आधार कायद्याच्या कलम ३३ नुसार अशी माहिती उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या आदेशानेच देता येते, आणि तीही त्या आधारधारकाचं म्हणणं ऐकल्यावर. तिची गरज खरी होती, तरीही तिला हाच रस्ता धरावा लागणार होता. हा निकाल आईवडिलांबद्दल नाही. पण कलम तेच आहे, आणि त्यात नवरा, बाप किंवा मुलगा अशा कुणासाठीही वेगळा दरवाजा नाही.

लग्नाच्या वेळी

ओळखीच्या कागदांवरून घरात सगळ्यात जास्त ताण येतो तो मुलीने स्वतःच्या पसंतीने लग्न करायचं ठरवलं की. पहिली गोष्ट होते ती म्हणजे दाखले, गुणपत्रिका आणि आधार कपाटात बंद.

अशा वेळी माहिती घरापर्यंत पोचवण्याचं काम कधी कधी कायदाच करतो. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार लग्नाआधी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. त्यात दोघांची नावं, वय, व्यवसाय, राहण्याचा पत्ता असतो आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात दर्शनी जागी लावली जाते. दोघांपैकी कुणाचं कायमचं गाव दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर कलम ६ प्रमाणे नोटिशीची प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते आणि तिथेही लावली जाते. पुण्यात नोंदणी करणाऱ्या मेहकरच्या मुलीची नोटीस अशी बुलढाणा जिल्ह्यात येऊन पोचते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये, ही नोटीस प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्याच्या इच्छेवर ठेवावं, असं म्हटलं होतं. महाराष्ट्रातल्या कार्यालयांवर तो निकाल बंधनकारक नाही.

काही आईवडील त्याही पुढे जातात. मोबाईलवरून कुणाकुणाला फोन झाले याची यादी, म्हणजे सीडीआर, मिळवून देणारी बेकायदा साखळी २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी उघडकीला आणली, तेव्हा खासगी गुप्तहेरांनाही अटक झाली होती. सज्ञान मुलीचा सीडीआर बापाला मागता येत नाही. तो कायदेशीरपणे मिळवण्याचा अधिकार तपास यंत्रणांना आहे, तोही ठरलेल्या पद्धतीने.

कागद अडवून ठेवले असतील तर कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ आठवावा. तो फक्त सुनांसाठी आहे असा समज आहे. रक्ताच्या नात्याने एका घरात राहिलेल्या मुलीलाही तो लागू होतो. तिच्या हक्काच्या वस्तू आणि मौल्यवान दस्तऐवज परत द्यायचा आदेश कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. सुरुवात जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडून किंवा १८१ या महिला हेल्पलाईनवरून करता येते.

आधी काय करायचं?

आधी मोबाईल नंबर बदलायचा. बाकी सगळं त्यानंतर, कारण बाकीची सगळी कामं त्याच नंबरावरच्या ओटीपीने होतात. एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: आधार केंद्रावर नंबर बदलताना जुन्या नंबरावरचा ओटीपी लागत नाही, कोणताही कागदही लागत नाही. बोटाचा ठसा किंवा डोळ्यांची बुबुळं जुळली की पुरे. आधार क्रमांक पाठ असला तर हातात कार्ड नसतानाही काम होतं. पुण्यात राहणाऱ्याने ते पुण्यातल्या केंद्रावर करावं, त्यासाठी गावी यायची गरज नाही. ऑक्टोबर २०२५ पासून शुल्क ७५ रुपये आहे. गावातच असाल तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या सेवेखाली पोस्टमनकडूनही नंबर जोडून घेता येतो.

नंबर हातात आला की आधार पुन्हा उतरवून घेता येतं, आणि डिजिलॉकरमध्ये राज्य मंडळाची गुणपत्रिकाही मिळते. २०१६ च्या नियमांमध्ये २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार डिजिलॉकरमधला जारी केलेला दस्तऐवज मूळ कागदाइतकाच ग्राह्य आहे. म्हणजे कपाटाच्या किल्लीवरून वाद घालण्याची गरज पुष्कळ कमी होते.

मग बायोमेट्रिक लॉक करावं. मायआधारवर प्रमाणीकरणाचा इतिहास उघडून आपण न केलेली एखादी नोंद आहे का ते पाहावं. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते दिसतं (मर्यादा नऊची आहे), आणि आपलं नसलेलं तिथूनच कळवता येतं. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. अनोळखी कर्ज दिसलं तर आधी त्या कंपनीला आणि कर्ज देणाऱ्या संस्थेला लेखी कळवावं. पैशांची फसवणूक असेल तर १९३० वर फोन करावा. झेरॉक्सवाल्याकडे किंवा गटावर आधार द्यायची वेळ आलीच, तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार द्यावं.

घरात हे कसं सांगायचं, हा यातला अवघड भाग. "तुमच्यावर विश्वास नाही" असं ऐकू जातं. "ओटीपीसाठी तुम्हाला दर वेळी शेतातून यावं लागतं, म्हणून नंबर बदलून घेतो" हे कारणही खरंच आहे आणि त्यात कुणाचा अपमान नाही.

आणि हीच गोष्ट उलट्या बाजूनेही होते. कित्येक घरांत आता आईच्या आधारला मुलाचा नंबर जोडलेला आहे. लाडक्या बहिणीचे पंधराशे जमा झाल्याचा मेसेज आधी त्याच्या फोनवर वाजतो, एटीएमचा पिन त्याला पाठ असतो, आणि खात्यात किती शिल्लक आहे हे आईला त्याला विचारावं लागतं. आधार केंद्रावर जाताना तिलाही बरोबर न्यायला हरकत नाही. तिच्याकडे साधा बटणांचा फोन असला तरी चालतो, ओटीपी त्यावरही येतो.